‘सेट’ या एका शब्दाचे किती अर्थ लक्षात ठेवायचे?

प्रश्न – मजकूरमजूर

नमस्कार. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, करारनामे, सूचनापत्रके असा सगळा कोरडा मजकूर माझ्याकडे येतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु गेल्या आठवड्यात रेझिनच्या वस्तू बनवण्याच्या एका पुस्तिकेतील एकाच वाक्याने मला जवळजवळ तासभर अडवून ठेवले. ते वाक्य असे आहे : ‘सेट द मोल्ड ऑन अ लेव्हल सरफेस, सेट द टायमर, अँड डू नॉट मूव्ह द सेट अनटिल द रेझिन हॅज सेट.’ एका वाक्यात चार वेळा तोच शब्द येतो आणि चारही वेळा मराठीत वेगळा शब्द घ्यावा लागतो.

अडचण फक्त या वाक्याची असती, तर मी येथे लिहिले नसते. काही महिन्यांपूर्वी एका निकालपत्राचा गोषवारा अनुवादित करताना ‘ऑर्डर वॉज सेट असाइड’ याचे मी ‘आदेश बाजूला ठेवण्यात आला’ असे केले होते आणि ज्यांचे काम होते त्या वकिलांनी त्याखाली तांबडी रेघ ओढून कागद परत पाठवला. तेव्हापासून हा तीन अक्षरी शब्द समोर आला की हात आपोआप थांबतो. शब्दकोश उघडावा, तर अर्थांची यादी संपता संपत नाही आणि शेवटाकडे पोहोचेपर्यंत सुरुवातीचे विसरायला होते.

माझा प्रश्न असा : या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एखादी समान कल्पना आहे का, जी एकदा समजली की बाकीचे ओळखता येतील? की प्रत्येक प्रयोग स्वतंत्रपणे पाठ करण्याखेरीज इलाज नाही? आणि जाता जाता, टीव्हीच्या ‘सेट टॉप बॉक्स’मधला ‘सेट’ नेमका कोणता, हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन, कारण घरात हा प्रश्न मला विचारला गेला आणि मी गप्प बसले.

उत्तर – मुळाक्षर

आपण चुकीच्या शब्दाशी झुंजत नाही आहात, एवढे आधी सांगतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. तीत ४३० हून अधिक अर्थ नोंदवलेले होते आणि त्या एका नोंदीची शब्दसंख्या सुमारे ६०,००० होती, म्हणजे ती वेगळी छापली असती तर एक बऱ्यापैकी पुस्तक झाले असते. पुढे त्याच कोशाच्या नव्या संपादनात ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले. अर्थात, असे आकडे ऐकून घाबरू नये. कोशकार जेथे सहा छटा वेगळ्या मोजतो, तेथे बोलणाऱ्याच्या मनात बहुधा एकच कल्पना असते.

ती कल्पना कोणती, हे मराठी माणसाला फार सहज कळण्यासारखे आहे. ‘सेट’ हे क्रियापद मुळात ‘सिट’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. इंग्रजीत अशा आणखी काही जोड्या शिल्लक आहेत : ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे, ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे, जे आता मुख्यतः झाडे तोडण्यापुरते उरले आहे. आपण ‘पडणे–पाडणे’, ‘मरणे–मारणे’ या जोड्यांत जसा आतला स्वर बदलतो, तसाच तो तेथेही बदलला आहे. फरक इतकाच की मराठीत ही पद्धत अजून जिवंत आहे, तर इंग्रजीभाषकाला ‘सेट’मध्ये ‘सिट’ दडलेला आहे याची जाणीवही नसते.

आता ‘बसवणे’ हे क्रियापद मनात धरून कोश उघडून पाहा. निखळलेले हाड इंग्रजीत ‘सेट’ करतात आणि आपण ते बसवतो. हिरा अंगठीत ‘सेट’ करतात आणि आपण तो कोंदणात बसवतो. कवितेला संगीतात ‘सेट’ करतात आणि आपण तिला चाल बसवतो. कोंबडीला अंड्यांवर ‘सेट’ करणे असा एक जुना खेडवळ प्रयोग इंग्रजीत आहे. आपणही कोंबडी अंड्यांवर बसवतोच. अक्षरांचे खिळे ओळीत बसवण्याच्या कामालाही तोच शब्द होता आणि म्हणून छपाईतल्या अक्षरजुळणीला ‘टाइपसेटिंग’ हे नाव पडले. खिळे गेले, तरी नाव राहिले.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. हे साम्य विचारांचे आहे, शब्दांच्या रक्ताचे नाही. मराठीतले ‘बसणे’ संस्कृतातील ‘उपविश्’ पासून झिजत झिजत आले आहे. इंग्रजीतील ‘सिट’ आणि ‘सेट’ यांचे खरे नातलग संस्कृतात ‘सद्’ या धातूच्या घरी आहेत : सदन, परिषद, संसद, उपनिषद ही सगळी बसण्याची कुळे होत. त्या धातूचे ‘सादयति’, म्हणजे ‘बसवतो’, हे प्रयोजक रूप तर ‘सेट’चा अगदी सख्खा भाऊ आहे.

परंतु आपल्या वाक्यातील तिसरा ‘सेट’, म्हणजे ‘संच’ या अर्थाचे नाम, या कुळातले नाही आणि गोंधळाचे खरे कारण मला येथेच दिसते. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सेक्ता’, म्हणजे अनुयायांचा गट किंवा पंथ, हे आहे. ‘सेक्ट’ हा शब्दही तेथूनच निघाला. एका माणसामागे चालणारे लोक, मग एकत्र असणाऱ्या वस्तू, असा त्याचा प्रवास झाला. इंग्रजीत आल्यावर त्याचा उच्चार आधीच असलेल्या ‘सेट’शी जुळला आणि कालांतराने दोघे एकाच छपराखाली असे नांदू लागले की आता कित्येक ठिकाणी भिंत कुठे होती तेही सांगता येत नाही. मराठीत ‘वर’ म्हणजे उंचावर आणि ‘वर’ म्हणजे नवरा मुलगा, या दोहोंचा जसा एकमेकांशी काही संबंध नाही, तसेच आरंभी हे दोघे होते.

आपल्या घरातल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ‘सेट टॉप बॉक्स’मधला ‘सेट’ म्हणजे टीव्ही संच. संचाच्या माथ्यावर ठेवायची पेटी म्हणून ‘सेट टॉप’. आता टीव्ही इतके सपाट झाले आहेत की त्यांच्या माथ्यावर काडेपेटीसुद्धा राहणार नाही, तरी पेटीने नाव सोडलेले नाही.

उत्तर – विटावाळू

मुळाक्षर यांचे ‘बसवणे’ मला मनापासून पटले. मात्र वाक्यातला चौथा ‘सेट’ त्यांच्याकडून सुटला आहे आणि माझे आयुष्य त्याच ‘सेट’मध्ये गेले असल्यामुळे दोन शब्द लिहितो.

रेझिन, सिमेंट, प्लास्टर किंवा जेली ‘सेट’ होते तेव्हा कोणी काही बसवत नाही. पदार्थ आपला आपणच बदलतो. म्हणजे हा प्रयोग अकर्मक आहे. बांधकामाच्या क्षेत्रात या शब्दाला काटेकोर अर्थ आहे आणि अनुवादात तोच बहुतेक वेळा निसटतो. ओले सिमेंट ‘सेट’ होणे आणि ते ‘हार्डन’ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे प्रवाहीपणा जाऊन आकार धरणे आणि दुसरी म्हणजे त्यात ताकद येणे. पहिली काही तासांत उरकते, तर दुसरी आठवडेच्या आठवडे चालते. म्हणूनच काँक्रीटची ताकद सामान्यतः २८ दिवसांनी मोजण्याची पद्धत आहे.

सिमेंट ‘सेट’ झाले की नाही, हे प्रयोगशाळेत कसे ठरवतात ते पाहिले की शब्द मनात पक्का होतो. फ्रेंच अभियंता लुई विका याच्या नावाने ओळखले जाणारे एक साधे उपकरण असते. ४० मिलिमीटर उंचीच्या कड्यात सिमेंट आणि पाण्याचा लगदा भरतात आणि त्यावर १ चौरस मिलिमीटर छेदाची सुई ३०० ग्रॅम वजनासह अलगद सोडतात. सुरुवातीला सुई लोण्यात शिरावी तशी थेट तळाला जाऊन टेकते. ठरावीक अंतराने, दर वेळी नव्या जागी, ती पुन्हा पुन्हा सोडत राहायचे. मग एक वेळ अशी येते की सुई तळाच्या काही मिलिमीटर वरच अडते. ती ‘इनिशियल सेट’ची वेळ. आणि पुढे सुईचा पृष्ठभागावर नुसता ठिपका उमटतो, ती आत जातच नाही, तेव्हा ‘फायनल सेट’ झाला असे म्हणतात. या क्षणी तो लगदा दगडासारखा दिसतो, पण त्यावर भार टाकला तर पस्तावाल.

म्हणून आपल्या वाक्यात ‘रेझिन कडक होईपर्यंत’ असे लिहू नये, असे माझे मत आहे. वाचणारा मनुष्य बोटाने दाबून पाहील, कडक लागले नाही म्हणून दिवसभर वाट पाहील, किंवा उलट ‘सेट’ झाले म्हणजे सगळे झाले असे समजून वस्तू वापरायला काढील. ‘घट्ट होईपर्यंत’ किंवा ‘आकार धरेपर्यंत’ बरे. फळबागांतही हाच प्रयोग आहे. परागीभवनानंतर फुलाचे फळात रूपांतर सुरू होणे याला ‘फ्रूट सेट’ म्हणतात आणि मराठीत त्याला ‘फळ धरणे’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द आहे. तेथेही फळ पिकलेले नसते, फक्त धरलेले असते.

उत्तर – कलमकसाई

‘बसवणे’ ही कल्पना सुंदर आहे, पण तिच्या प्रेमात पडून अनुवाद करायला बसलात तर पहिल्याच पानावर फसाल, असे मला भीत भीत सांगावेसे वाटते. मीही अनेक वर्षे हेच काम करतो. माझा अनुभव असा की क्रियापद म्हणून येणाऱ्या ‘सेट’साठी मराठीत ‘बसवणे’पेक्षा ‘लावणे’ कितीतरी अधिक वेळा उपयोगी पडते. घड्याळ लावतात, गजर लावतात, सापळा लावतात, आग लावतात, टायमर लावतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ आहे. ‘टायमर बसवा’ असे लिहिले, तर वाचणारा स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागेल.

आणि ‘लावणे’ही सर्वत्र चालत नाही. किंमत ठरवतात, तारीख मुक्रर करतात, परीक्षेची प्रश्नपत्रिका काढतात, पायंडा पाडतात, उदाहरण घालून देतात. इंग्रजीने एका शब्दावर सगळे ओझे टाकले आहे. मराठी मात्र कर्म कोणते आहे ते पाहून क्रियापद निवडते. त्यामुळे माझी पद्धत सोपी आहे : ‘सेट’कडे पाहायचेच नाही. त्याच्यापुढचे नाम पाहायचे आणि मराठीत त्या नामाबरोबर कोणते क्रियापद नांदते ते स्वतःला विचारायचे. शब्दकोशातील ‘सेट’च्या नोंदीपेक्षा ‘गजर’ किंवा ‘किंमत’ यांची मराठी संगत येथे जास्त मदत करते.

दुसरी खूण काळाची आहे. हे क्रियापद वर्तमानात, भूतकाळात आणि कृदंतात एकाच रूपात राहते. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ या त्याच्या भावंडांसारखेच. ‘शी सेट द रूल्स’ या वाक्यात एक ‘स’ कमी आहे, एवढ्यावरून ते भूतकाळातले हे ओळखावे लागते : ‘तिने नियम घालून दिले’. वर्तमानकाळ असता, तर ‘सेट्स’ झाले असते. पण कर्ता ‘दे’ असला तर वाक्याकडे पाहून काहीच कळत नाही, मागचापुढचा मजकूर वाचावाच लागतो. मी स्वतः एका संस्थेच्या अहवालात याच ठिकाणी चुकलो होतो. त्यांनी केव्हाच आखून टाकलेली उद्दिष्टे माझ्या अनुवादात ते दरवर्षी नव्याने आखत बसले होते.

आणि ‘सेट’च्या मागे अव्यय चिकटले की त्याला नवा शब्दच समजावे. ‘सेट आउट’ म्हणजे निघणे, ‘सेट इन’ म्हणजे एखाद्या गोष्टीने मुक्काम ठोकणे, ‘सेट बॅक’ म्हणजे मागे पडायला लावणे. आपले ‘सेट असाइड’ व्यवहारात खरोखरच ‘बाजूला ठेवणे’ आहे. बाजूला ठेवलेले पैसे तसेच असतात. न्यायालयात मात्र ‘सेट असाइड’ झालेला आदेश कोठेही ठेवलेला नसतो, तो रद्दबातल ठरलेला असतो. वकिलांनी रेघ तांबडी ओढली ती त्यामुळे, कारण आपल्या अनुवादाप्रमाणे तो आदेश अजून जिवंत होता. तशीच फसगत ‘सेट ऑफ’ची. प्रवासवर्णनात तो प्रस्थान ठेवतो, फटाक्याबरोबर आला तर स्फोट घडवतो आणि हिशेबात आला तर परस्पर देण्याघेण्याची वजावट होतो.

एक अवांतर. मराठीने हा शब्द उसना घेतल्यावर त्याला स्वतःचे वळण लावले आहे, तिकडेही लक्ष असू द्यावे. ‘त्यांचे आतून सेटिंग आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा जी संगनमताची छटा असते, ती इंग्रजीतल्या ‘सेटिंग’ला नाही. तेथे ‘सेटिंग’ म्हणजे कथेची पार्श्वभूमी, यंत्राची मांडणी किंवा रत्नाचे कोंदण. मराठी संवादाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या एका नवख्या सहकाऱ्याने हे तसेच्या तसे ठेवले होते आणि परक्या वाचकाला त्यातून फक्त सुतारकामाचा बोध झाला असता.

उत्तर – रिक्तसंच

गणित शिकवणारा माणूस म्हणून ‘संच’ या बाजूने थोडे लिहितो, कारण तेथेही एका शब्दाखाली दोन वेगळ्या कल्पना आहेत.

व्यवहारातला ‘सेट’ पूर्णत्व गृहीत धरतो. कपबशांच्या सेटमधला एक कप फुटला की सेट ‘मोडतो’. बुद्धिबळाच्या सोंगट्यांच्या सेटमधून एक प्यादे हरवले की तो सेट अपुरा. गणितात असे काही नसते. संचातून एक घटक काढला, तर उरतो तो दुसरा, तितकाच धडधाकट संच. आणि सगळे घटक काढले तरी उरतो तो रिक्त संच, ज्याचे नाव मी येथे धारण केले आहे. शिवाय गणितात घटकाची पुनरुक्ती मोजत नाहीत आणि क्रमही पाहत नाहीत. ‘कटकट’ या शब्दातील अक्षरांचा संच म्हणजे केवळ ‘क’ आणि ‘ट’, मग ते कितीही वेळा येवोत.

मजेची गोष्ट अशी की इंग्रजीतही गणितज्ञ आरंभापासून ‘सेट’ म्हणत नव्हते. गेओर्ग कँटोर (१८४५–१९१८) याने ही संकल्पना उभारली, ती जर्मन भाषेत, आणि त्याचा शब्द होता ‘मेंगे’. त्याच्या मुख्य लेखांचा इंग्रजी अनुवाद १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यासाठी ‘अ‍ॅग्रिगेट’ हा शब्द योजलेला आहे. ‘सेट’ नंतर रुळला. म्हणजे अनुवादकांना एका शब्दावर थांबायला वेळ लागणे ही काही आजची गोष्ट नव्हे.

टेनिसमधला ‘सेट’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तो गेमांचा गट असतो, पण किती गेमांचा हे आधी सांगता येत नाही. २०१० साली विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांच्या सामन्यातील शेवटचा सेट ७०–६८ असा संपला आणि तो संपूर्ण सामना तीन दिवसांवर पसरला. त्या सेटचा मराठी अनुवाद ‘संच’ असा कोणी करू नये, एवढी विनंती. तेथे ‘सेट’च मराठी झालेला आहे. व्यायामातल्या सेटचेही तसेच.

प्रतिसाद – मजकूरमजूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुस्तिकेतले ते वाक्य आता मी असे केले आहे : ‘साचा सपाट जागी ठेवा, टायमर लावा आणि रेझिन आकार धरेपर्यंत संच हलवू नका.’ विटावाळू यांच्या सांगण्यावरून मूळ पुस्तिका पुन्हा उघडली, तर तीन पानांनंतर ‘फुल क्युअर’साठी, म्हणजे पूर्ण कडक होण्यासाठी, वेगळा कालावधी दिलेला आढळला, पहिल्यांदा मी ‘कडक होईपर्यंत’ लिहिले होते, ते तसेच गेले असते तर या दोन सूचना एकमेकींशी भांडत राहिल्या असत्या. ‘साचा बसवा’ असे लिहिण्याचा मोह झाला होता, परंतु साचा कशात बसवायचा नसून नुसता टेकवायचा आहे, म्हणून ‘ठेवा’.

एक शंका मात्र उरली आहे. सूर्य ‘सेट’ होतो, तो कोणत्या खात्यात धरायचा?

प्रतिसाद – मुळाक्षर

बसण्याच्याच. ‘सेट’ला खाली जाणे, टेकणे अशी एक जुनी अकर्मक छटा आहे. गाळ तळाशी बसतो, धूळ खाली बसते, तसा सूर्य क्षितिजाखाली टेकतो. अनुवाद करताना मात्र कलमकसाई यांचेच ऐकावे आणि सूर्याला मावळू द्यावे.